मोझॅक, पच्चीकारी की ठिकरीकाम? शब्द सुचवा

तावदान
रोमानियातल्या तर्गू मुरेश इथल्या संस्कृती-प्रासादाबद्दलच्या मराठी लेखात दोन शब्द अडले आहेत. इमारत १९११ ते १९१३ मधली, वास्तुकार मार्सेल कोमोर आणि देझो याकाब. शहर तेव्हा हंगेरीत होतं, नाव मारोशवाशारहेय. दर्शनी भिंतीवर भलंमोठं मोझॅक आहे आणि आरसेमहालात सेकेय (तिथला हंगेरियन भाषिक समाज) लोककथांची चित्रं असलेल्या स्टेन्ड ग्लासच्या खिडक्या. दोन्ही कामं बुडापेस्टच्या मिक्शा रोट यांच्या कार्यशाळेतली. पहिल्याला 'पच्चीकारी' आणि दुसऱ्याला 'रंगीत काच' चालेल का?

गिलावा
पच्चीकारी नको. पच्चीकारीत एका दगडात खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचा दगड घट्ट बसवतात, ताजमहालावर आहे तशी. तिथे मूळ दगड दिसत राहतो. मोझॅकमध्ये खालचं काहीच दिसत नाही, सगळा पृष्ठभाग तुकड्यांचाच असतो. अर्थात नुसतं 'मोझॅक' लिहिलं तरी घोळ आहेच. आपल्याकडे मोझॅक म्हणजे चाळीतली, जुन्या फ्लॅटमधली लादी: सिमेंटात संगमरवराची बारीक खडी घालून दाबलेली आणि वरून घासून गुळगुळीत केलेली. त्या लादीत खडी कशीही पडते. मोझॅकचित्रात एकेक तुकडा ठरवून लावलेला असतो. म्हणून पहिल्यांदा 'मोझॅकचित्र' लिहा, पुढे नुसतं 'मोझॅक' चालेल.

पागोळी
'ठिकरीकाम' का नको? शब्द आपला आहे, कानाला ओळखीचाही आहे.

गिलावा
ठिकरी फुटलेली असते, म्हणूनच आपण 'ठिकऱ्या उडाल्या' म्हणतो. रोट यांच्यासारख्यांच्या कामातले काचेचे तुकडे हातोडीने आणि छिन्नीने मापात तोडलेले असतात. ठिकरीकाम हा शब्द बार्सिलोनाच्या पलाउ दे ला म्युझिका या संगीत-सभागृहासाठी (१९०५ ते १९०८, वास्तुकार लुईस दुमेनेक इ मुंतानेर) राखून ठेवा. तिथल्या खांबांवर फुटक्या चकचकीत फरशांचं काम आहे, त्याला कातालान भाषेत त्रेनकादीस म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळच 'फोडणे' या क्रियापदात आहे. मुंबईच्या गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून चिनीमातीच्या फुटक्या फरशा बसवतात, ते 'चायना मोझॅक' याच जातीचं.

चुनखडी
कृतीचे शब्दही लेखात लागतील, म्हणून सांगतो. मोठं मोझॅकचित्र बहुतेकदा उलट्या पद्धतीने करतात. चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं काढायचं, तुकडे दर्शनी बाजू खाली करून खळीने चिकटवायचे. (इथे 'गोंद' लिहू नका. पिठाची खळ पाण्याने सुटते, आणि नेमकं तेच हवं असतं.) कागदाचे भाग पाडून त्यांना नंबर घालायचे, ओल्या गिलाव्यात दाबायचे, गिलावा धरला की कागद भिजवून सोलायचा आणि दरजा, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी, भरायच्या. नंबर चुकला तर चेहऱ्याचा भाग भलतीकडे जातो आणि ते कळतं कागद सोलल्यावर.

बिघाड दोन जागी होतो. भिंतीत पाणी शिरलं, थंडीत गोठलं की गिलावा भिंतीपासून सुटतो. बोटाच्या पेराने ठोकलं की तेवढा भाग पोकळ वाजतो. दुसरा बिघाड सोनेरी तुकड्यांचा. त्यांत सोन्याचा वर्ख जाड काच आणि वरची पातळ काच यांच्यामध्ये असतो. वरचा पापुद्रा उडाला की वर्ख धुऊन जातो आणि तुकडा काळपट दिसतो. अशा वेळी 'सोनं काळं पडलं' असं लिहितात, ते चूक. सोनं काळं पडत नाही, ते गेलेलं असतं.

तावदान
'खळ' आणि 'दरजा' घेतो. आता काचेचं सांगा.

काचकाम
'रंगीत काच' अपुरं आहे. कोकणातल्या, गोव्यातल्या जुन्या घरांत दारांवरच्या कमानीत रंगीत काचा असतात, पण त्या लाकडी चौकटीत बसवलेल्या. अफगाण चर्च किंवा राजाबाई टॉवरमधल्या खिडक्या पाहा: तुकडे शिशाच्या पट्टीत ओवलेले आहेत. पट्टीला दोन्हीकडे खाच असते, सांधा आला की डाख देतात, म्हणजे वितळवलेल्या धातूने तो जोडतात. मला 'शिसेबंद काचचित्र' बरं वाटतं.

'स्टेन्ड' या शब्दावरून काच वरून रंगवलेली असते असा समज होतो. बहुतेक रंग वितळत्या काचेतच मिसळलेला असतो. चेहऱ्याच्या, बोटांच्या काळसर रेघा काचेच्या भुकटीत धातूची भस्मं मिसळून काढतात आणि भट्टीत सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सियसला पक्क्या करतात. खरा 'डाग' फक्त पिवळा. चांदीचा क्षार मागच्या बाजूला लावून भाजला की चांदी काचेत मुरते, फिक्या पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत छटा येतात. भट्टी जास्त तापली तर पिवळा तपकिरी होतो आणि परत येत नाही.

पागोळी
आणि या खिडक्या 'वाकतात' म्हणतात ते?

काचकाम
तिथे आपला शब्द अगदी चपखल आहे. जुनी भिंत जशी पोट काढते, तशी ही खिडकीही पोट काढते. शिसं मऊ, उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकतं. ते रोखायला आडव्या लोखंडी सळया देऊन खिडकी तांब्याच्या तारेने त्यांना बांधतात. तार तुटली की पोट सुटायला लागतं. पुढे पट्टीतलं लुकण, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, वाळून झडतं आणि पाणी आत येतं. अशा वेळी कोणी वरून सिलिकॉन फासतात. मग पट्टी उघडताना काचच फुटते.

चुनखडी
प्लास्टिक पेंटवाले याला 'लांबी' म्हणतील, पण लांबी भिंतीची आणि लुकण काचेचं. लेखात लुकणच ठेवा.

गिलावा
'संस्कृती-प्रासाद'ही असू द्या, फक्त कुठेही 'राजवाडा' होऊ देऊ नका. ही वास्तू महापौर बेर्नादी यांच्या काळात शहराने स्वतःसाठी बांधली, मैफिलीच्या सभागृहासह. हंगेरियन 'पालोता' मोठ्या शहरी इमारतीलाही लावतात. शैलीला मात्र 'आर्ट नूव्हो' (१९०० च्या आसपासची, वळणदार रेषांची युरोपीय शैली) किंवा तिथला शब्द 'सेत्सेस्सियो' म्हणा. मरीन ड्राइव्हचं आर्ट डेको नंतरचं आणि वेगळं.

तावदान
ठरलं: मोझॅकचित्र, शिसेबंद काचचित्र, खळ, दरजा, डाख, लुकण. छपरावरच्या झोल्नाय (हंगेरीतला चिनीमातीच्या वस्तूंचा कारखाना) कौलांच्या चकाकीला 'झिलई' लिहिलं आहे, ते तसंच ठेवतो.