जुन्या डॉक फायली ड्राइव्हवर चढवून एकगठ्ठा बदलाव्यात का?

ओवीकर (धागाकर्ती)

माझं मत आधीच सांगते. छोट्या संस्थांनी आपल्या जुन्या वर्ड फायली (म्हणजेच डॉक फायली) गूगल ड्राइव्हवर चढवाव्यात, तिथेच एकगठ्ठा गूगल डॉक्समध्ये, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन लेखनसाधनात, बदलून घ्याव्यात आणि पुढे सगळं काम तिथूनच करावं.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयापुढे सध्या हाच प्रश्न आहे. इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, व्याख्यानमालेची टिपणं, त्रैमासिकाचे अंक असं 1990च्या दशकापासूनचं सगळं डॉक फायलींत पडून आहे. ज्या संगणकावर ते आहे तो कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि कुठली फाइल कुठे आहे हे माहीत असलेले गृहस्थ आता थकलेत. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये चढवलेल्या फायली आपोआप डॉक्समध्ये बदलायची सोय आहे. ती चालू केली की फोल्डर ओढून टाकायचं, झालं. नंतर कुठलाही शब्द शोधता येतो, फोनवर वाचता येतं, कोणी काय बदललं याचा इतिहास राहतो. आमचे एक मुद्रितशोधक सोलापूरला आहेत आणि एक ताई न्यू जर्सीत. दोघांना एकाच मजकुरावर काम करता येईल. फुकट मिळणारी 15 जीबी जागा नुसत्या मजकुराच्या फायलींना भरपूर होते.

काही मंडळींचा याला विरोध आहे आणि त्यांची कारणं मला पटलेली नाहीत. म्हणून इथे विचारते आहे.

जुळारी

विरोध करणाऱ्यांत मलाही धरा. मी छापखान्यात अक्षरजुळणीचं काम केलंय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न एकच: या फायली कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?

1990चं दशक म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेचे डीव्हीबी मालिकेतले फॉन्ट. यांतला कुठलाच मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नाही. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. त्यांच्यावर देवनागरी दिसते ती फक्त तुमच्या संगणकात तो फॉन्ट बसवलेला आहे म्हणून. गूगलच्या सर्व्हरवर श्रीलिपी नाही, कृतिदेवही नाही. फोल्डर ओढून टाकलंत की तुमची इतिवृत्तं निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन उघडतील. आणि त्यात ‘व्याख्यानमाला’ शोधलंत तर एकही निकाल येणार नाही. तुम्ही जो सर्वांत मोठा फायदा सांगताय, तोच मिळणार नाही.

आता कोणी म्हणेल, युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) नंतर बदलून घेऊ. बदलता येतं, पण त्यासाठी कुठल्या शब्दाला कुठला फॉन्ट होता ही माहिती लागते. जुन्या अहवालात एकाच ओळीत मराठी कृतिदेवमध्ये आणि इंग्रजी नाव एरियलमध्ये असायचं. फॉन्टची माहिती शाबूत असेल तर परिवर्तक, म्हणजे हा बदल करणारं सॉफ्टवेअर, फक्त कृतिदेवचा भाग बदलतो आणि इंग्रजी तसंच ठेवतो. मधल्या कुठल्या टप्प्यावर कोणी साधी टेक्स्ट फाइल करून घेतली किंवा सगळ्यावर एकच फॉन्ट फिरवला, की मराठी कुठलं आणि इंग्रजी कुठलं हे यंत्राला कळायचा मार्गच बंद होतो. मग इंग्रजी शब्दांचीही देवनागरी होते.

फॉन्ट माहीत असूनही चुका होतात त्या ठरावीक जागी होतात. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलट. ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘निर्मिती’, ‘धर्मियांच्या’ असे शब्द परिवर्तकाची परीक्षा पाहतात. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध एका रीतीने घेतलात तर दुसरी सापडेलच असं नाही. हे हजार फायलींत एकगठ्ठा झालं तर नंतर तपासणार कोण?

दप्तरदार

जुळारींशी सहमत. माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे, तो युनिकोडमधल्या फायलींनाही लागू होतो.

गूगल डॉक्स हे फायलीचं स्वरूपच नाही. ड्राइव्हचं ॲप संगणकावर बसवलंत तर डॉक्सच्या जागी जी इवलीशी जीडॉक फाइल दिसते तिच्यात मजकूर नसतो, फक्त पत्ता असतो. ती पेनड्राइव्हवर घेतलीत तर हातात काहीच पडत नाही. मजकूर बाहेर काढायचा तर पुन्हा डॉकएक्स (वर्डचं नवं स्वरूप) किंवा ओडीटीत (लिबरऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरचं स्वरूप) बदलून घ्यावा लागतो. म्हणजे एकदा आत जाताना बदल, एकदा बाहेर येताना बदल. जाता-येता मॅक्रो (फायलीतल्या छोट्या आज्ञावल्या) जातात, पानांची मांडणी सरकते, कोष्टकं हलतात. डॉकएक्स आणि ओडीटी ही दोन्ही आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेची जाहीर मानकं आहेत, ओडीटीमागचं ओडीएफ 2006 पासून आणि डॉकएक्समागचं मानक 2008 पासून. उद्या एखादी कंपनी राहिली नाही तरी ती वाचणारं सॉफ्टवेअर लिहिता येईल. डॉक्सबद्दल असं म्हणता येत नाही.

खातं कोणाचं, हा प्रश्नही विचारा. बहुतेक संस्थांत एखाद्या उत्साही सभासदाच्या खाजगी जीमेलवर सगळं असतं. दोन वर्षं वापर झाला नाही तर असं खाजगी खातं त्यातल्या सामग्रीसकट पुसण्याचा गूगलचा नियम आहे आणि डिसेंबर 2023 पासून त्यावर अंमल सुरू झालाय. शिवाय डॉक्सना जागा लागत नाही हा जुना समज आता सोडून द्या. जून 2021 पासून नव्या डॉक्सही 15 जीबीत मोजल्या जातात.

माझं म्हणणं: बदल आपल्या संगणकावर लिबरऑफिसने करा. प्रोग्रामची खिडकीही न उघडता एका कमांडवर अख्खं फोल्डर डॉकवरून ओडीटी किंवा पीडीएफ होतं, फुकट. जुने फॉन्ट त्या संगणकावर असतातच, त्यामुळे पीडीएफमध्ये मराठी जशी छापली होती तशीच उतरते. निवडताना पीडीएफ-ए निवडा. दीर्घकाळ जपण्यासाठीच ते मानक 2005 मध्ये केलं, त्यात फॉन्ट फायलीच्या आतच बसवावा लागतो. मग या फायली ड्राइव्हवर ठेवायला माझी ना नाही.

मोकळी वाट

वर दोघांनी जे लिहिलंय ते खरं आहे, तरी माझा कौल ओवीकरांना.

कमांडवरून लिबरऑफिस चालवा हे सांगणं सोपं आहे. वाचनालयात संध्याकाळी दोन तास येऊन बसणाऱ्या, साठी उलटलेल्या स्वयंसेवकांना ते कोण शिकवणार आणि तो शिकवणारा गाव सोडून गेला की पुढे काय? मी अशा संस्था जवळून पाहिल्यात. अडचण फायलींच्या स्वरूपाची क्वचित असते, फायली एकाच माणसाच्या ताब्यात असतात ही खरी अडचण. उत्तम पीडीएफ-ए करून ती कपाटातल्या डिस्कवर ठेवली तर ती कोणी वाचत नाही. ड्राइव्हवर थोडी बिघडलेली मांडणी चालेल, निदान माणसं मजकुरापर्यंत पोचतील.

एक दुरुस्ती मात्र ओवीकरांना सुचवतो. ती आपोआप बदलाची सेटिंग चालू करू नका. तिने ड्राइव्हवर फक्त डॉक्स उरते, मूळ वर्ड फाइल तिथे राहत नाही. फायली आहेत तशा चढवा आणि ॲप्स स्क्रिप्टने (गूगलमध्येच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) त्यांची बदललेली प्रत वेगळ्या फोल्डरात काढा. पंधरावीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. एका वेळी ती सहा मिनिटंच चालते, म्हणून झालेली फाइल ‘झाले’ फोल्डरात सरकवायची आणि दर काही मिनिटांनी स्क्रिप्ट आपोआप सुरू होईल असा ट्रिगर लावायचा. साध्या खात्याला ट्रिगरसाठी दिवसाला दीड तास मिळतो. काही दिवस लागतील, पण हात लावायला नको, आणि मध्ये वीज गेली तरी काम गूगलच्या यंत्रावर चालू राहतं. आमच्याकडच्या भारनियमनात हा फायदा लहान नाही.

जुन्या फॉन्टचं म्हणाल तर त्यालाही ड्राइव्हवर वाट आहे. जुन्या संगणकावरून पानांच्या चित्रांची पीडीएफ काढा, ती ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. चित्रातली अक्षरं ओळखून गूगल ती युनिकोडमध्ये लिहून देतं, मराठीही. पानावर अक्षर नीट दिसत असलं की पुरे, फॉन्टशी त्याला देणंघेणं नाही.

जुळारी

अक्षरओळखीची वाट मलाही माहीत आहे, छापील अंकांसाठी मी ती सुचवतोही. पण इतिवृत्तांसाठी नको.

परिवर्तकाची चूक दिसून येते. रफार भलत्या जागी गेला की शब्द वाचताच खटकतो, आणि तीच चूक सगळीकडे सारखी असते म्हणून एकदा शोधून सगळीकडे सुधारता येते. अक्षरओळखीत ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘प’चा ‘य’ होतो आणि तयार झालेला शब्द पुष्कळदा शुद्धच दिसतो. दर पानावर चूक निराळी. ठरावात कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं, किती रक्कम मंजूर झाली, इथे एक अक्षर किंवा एक आकडा फिरला तर कागद खोटा ठरतो. शिवाय कोष्टकं आणि तळटीपा त्यात टिकत नाहीत, आणि फाइल दोन एमबीच्या आत ठेवा असं गूगल स्वतःच सांगतं. ताळेबंदाच्या पानांचं काय करणार?

मूळ मजकूर यंत्रात बरोबर साठवलेला असताना त्याचं चित्र काढून पुन्हा अंदाजाने वाचायचं, हे मला पटत नाही.

उंबरठा

तंत्राबद्दल मला फारसं सांगायचं नाही. पण ‘फोल्डर ओढून टाका’ म्हणताना त्या फोल्डरात काय काय आहे ते आधी उघडून बघा. सभासदत्वाचे अर्ज, पत्ते, देणगीदारांचे पॅन, कोणाच्या आधारच्या प्रती, नोकरीचे अर्ज, हे सगळं संस्थांच्या संगणकांत अहवालांच्या शेजारीच असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023चा कायदा लहान संस्थांनाही विसरून चालणार नाही. आणि काही जण ‘डॉक टू पीडीएफ’ असं शोधून पहिल्या दिसेल त्या फुकट संकेतस्थळावर गठ्ठे चढवतात, ते तर अजिबात करू नका. कोणी चालवलंय आणि फाइल तिकडे किती काळ राहते, काहीच कळत नाही.

ओवीकर (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. आज फायली उघडून पाहिल्या आणि जुळारींचा मुद्दा पूर्ण मान्य करते. 2005च्या आसपासपर्यंतचं जवळजवळ सगळं श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये आहे. ते आधी युनिकोडमध्ये नेल्याशिवाय ड्राइव्हवर बदलायचं नाही. अर्ज आणि देणगीदारांची माहिती वेगळी काढणार, ती चढवणार नाही.

पण दप्तरदारांशी माझा मतभेद कायम आहे. नंतरच्या युनिकोडमधल्या फायलींना मी डॉक्समध्येच नेणार. व्याख्यानमालेच्या टिपणांची मांडणी थोडी सरकली म्हणून काही अडत नाही, त्यांच्यावर संपादन व्हायचं आहे आणि ते तीन गावांतल्या माणसांनी मिळून करायचं आहे. ओडीटीची प्रत मेलने फिरवून ‘अंतिम’, ‘अंतिम2’, ‘अंतिम नवी’ असा जो घोळ होतो तो आम्ही भरपूर सोसलाय. मूळ फायली मोकळी वाट म्हणतात तशा वेगळ्या राहतील.

दप्तरदार

संपादन चालू असलेल्या मजकुराला डॉक्स वापरा, तिथे माझा वाद नाही. संपादन संपलं की मात्र टेकआउट या गूगलच्या निर्यातीच्या सोयीतून ओडीटी किंवा डॉकएक्स उतरवून घ्या. टेकआउट अख्खं फोल्डर एकदम बदलून देतं, स्वरूप तुम्हाला निवडता येतं. हे वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आसपास, कामकाजाचा भाग म्हणून ठरावात घाला. आणि केवळ पीडीएफवर थांबू नका. युनिकोडमधली मराठी पीडीएफसुद्धा कॉपी करताना बऱ्याचदा वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून देते. पीडीएफ वाचायला, ओडीटी जपायला.

खातं संस्थेच्या नावाने घ्या. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड पुढे जाईल अशी व्यवस्था नसेल तर वरच्या सगळ्या चर्चेचा उपयोग नाही.

मोकळी वाट

ठरावात घालूनही कोणी करत नाही, हा माझा अनुभव. जे आपोआप होतं तेच होतं. म्हणून बाहेर काढायचं कामही स्क्रिप्टवर टाका. एक सांगतो, ड्राइव्हच्या एपीआयमधून (स्क्रिप्ट ड्राइव्हशी ज्या वाटेने बोलते तिथून) निर्यात करताना एका फायलीला 10 एमबीची मर्यादा आहे. फोटो भरलेले अहवाल तिथे अडकतील, तेवढे हाताने उतरवा.

ओवीकर (धागाकर्ती)

त्रैमासिकाचे काही अंक पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही आहेत. त्यांचं काय?

जुळारी

ते ड्राइव्हच्या गठ्ठ्यात घेऊ नका, ड्राइव्ह त्यांना उघडत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7, तीही 2001ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनने सीएस6 या आवृत्तीपर्यंत पेजमेकर 6 ते 7 च्या फायली उघडल्या, पुढच्या आवृत्त्यांनी ते सोडून दिलं. लिबरऑफिस ड्रॉ उघडतं, पण मांडणी बरीच ढासळते. तुमच्या भागातल्या जुन्या छापखान्यांत विचारा, पेजमेकर चालू असलेला एखादा संगणक हमखास मिळेल. तिथे बसून दोन गोष्टी काढा: पानाची पीडीएफ, आणि प्रत्येक लेखाचा मजकूर फॉन्टसकट आरटीएफमध्ये. साध्या टेक्स्टमध्ये काढू नका, कारण वर सांगितलंच आहे. आरटीएफ हातात आला की श्रीलिपीचं युनिकोड करणं आपण दोघं मिळून करू. आधी एकच अंक पाठवा, शक्यतो ज्यात कविता आणि जाहिराती दोन्ही आहेत असा.