'प्रामाणिकपणे प्रार्थना' हे मराठी आहे का?

नगरकरीण
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघासाठी एक पत्रक मराठीत करते आहे. विषय साधा: ठरीव शब्द न घोकता रोजच्या भाषेत देवाशी बोलणं. मसुद्यात लिहिलं, 'प्रामाणिकपणे प्रार्थना करा'. आईने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे एरवी लोक प्रार्थनेत अफरातफर करतात की काय?" आता तो शब्द डोळ्यांत खुपतोय. मनापासून, मनोभावे, कळकळीने, अंतःकरणपूर्वक, यातला कोणता घेऊ?

शब्दकिडा
आईंचं बरोबर आहे. 'प्रामाणिक' हा हिशेबाचा, व्यवहाराचा शब्द. इंग्रजीतल्या 'ऑनेस्ट'ला तो शिक्क्यासारखा मारतात, म्हणून असा प्रार्थनेत घुसतो.

बाकीच्यांचं म्हणाल तर 'मनोभावे' पूजेला आणि सेवेला शोभतो. 'कळकळीने' यात निकड असते. मागणं कळकळीचं असतं, आभार नसतात. 'अंतःकरणपूर्वक' आभारप्रदर्शनात वापरून वापरून गुळगुळीत झालाय. मी 'मनापासून' घेईन, किंवा सरळ 'मन मोकळं करा'. बायबलमधल्या ६२व्या स्तोत्रात हाच भाव आहे. बायबलमधल्याच शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आठवा, देवळात प्रार्थना करणारी. ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं बाई दारू प्यायली आहे. ती म्हणते, मी परमेश्वरापुढे मन ओतते आहे. 'ओतणे' हे क्रियापद तुमच्या सगळ्या क्रियाविशेषणांना भारी आहे.

वसईकर
क्रियापदांचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही कॅथलिक घरात प्रार्थना 'म्हणतो', रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, 'म्हणतो'. प्रॉटेस्टंट मित्र प्रार्थना 'करतो'. तो म्हणाला, "तू प्रार्थना कर," की मी पाठ असलेली सुरू करायचो आणि तो वाट बघत बसायचा.

आजीकडे तिसरं क्रियापद होतं. घरात बोली आमची वसईकडची सामवेदी, प्रार्थना मात्र पुस्तकी मराठीत. तरुणपणी तिने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच ऐकलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत आली. रोझरी संपली की माळ मुठीतच ठेवून ती बोलीत पुटपुटायची: वाडीतल्या विहिरीचं पाणी, आत्याचं लग्न, माझा गणिताचा पेपर. मी मध्ये काही विचारलं तर हाताने थांबवायची. म्हणायची, म्हणून झालं, आता देवाला 'सांगते' आहे.

पण 'म्हणणे' म्हणजे वरवरचं, असं कृपा करून छापू नका. आजोबा गेले त्या रात्री कोणालाच स्वतःचे शब्द सुचत नव्हते. पाठ होतं तेच तोंडात आलं, आणि ते कमी मनापासून नव्हतं.

नगरकरीण
पटलं. 'पाठ प्रार्थना म्हणणं वरवरचं' अशा अर्थाचं वाक्य मसुद्यात होतं, ते काढते. उलट आमच्याकडे सगळे 'करतात', तरी दर रविवारी तेच ऐकू येतं: 'हे प्रेमळ, दयाळू, कृपाळू परमेश्वर पित्या, या सुंदर वेळेसाठी…' कोणी पाठ केलेलं नसतं, आपोआप पाठ होतं. हल्ली काहीजण देवाला 'आपण कृपा करावी' म्हणतात. रजेच्या अर्जासारखं वाटतं! मराठीत देवाला 'तू'च म्हणतात, आईला म्हणतो तसं.

लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, स्वतःच्या शब्दांतच बोलतो, उपासतापास आणि दशांश सगळं मोजून दाखवतो. जकातदार तेवढं म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' यातलं 'मज' आज कोणी बोलत नाही. तरी ते बदलावंसं वाटत नाही.

शब्दकिडा
नका बदलू. रोजच्या भाषेचा आग्रह आपल्याकडे जुना आहे, पण तो समजण्यासाठी होता. गोव्यातल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्तपुराण (छापलं गेलं १६१६ साली) ओव्यांत रचलं, कारण ऐकणाऱ्यांच्या कानांना ओवीची सवय. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं.

नगरकरीण
मग देवाला 'पिता' म्हणायचं की 'बाप'? घरी तर वडिलांना दोन्ही म्हणत नाही. आमचे ते 'आबा'.

शब्दकिडा
आबा ऐकून मोह होतो, कारण मार्कच्या १४:३६ मध्ये येशू 'अब्बा' म्हणतो. पण ते अरामी, हे मराठी. नातं जोडू नका. 'अब्बा' म्हणजे बाळाचे बोबडे बोल असंही बरेच दिवस सांगितलं गेलं. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८ साली ते खोडून काढलं. मोठी माणसंही वडिलांना तशीच हाक मारत. 'बाप' उद्धट वाटत असेल तर ज्ञानेश्वरांची नाममुद्रा आठवा, 'बाप रखुमादेवीवरू'. लेकराची जवळीक त्यात आहे.

वसईकर
आमच्या प्रार्थनेत 'बापा'च आहे. कधी उद्धट वाटलं नाही.

नगरकरीण
पत्रकात शेवटी असं गेलं: 'घरी जसं सांगता, तसं देवाला सांगा.' आजींचं क्रियापद उचललं, वसईकर, रागावू नका. पाळकसाहेबांनी मान्य केलं. 'बापा' मात्र खोडून वर लाल शाईने 'पित्या' लिहिलंय. रविवारी जाऊन भांडते.