योगवर्ग ऑनलाइन घेताना आसनांतील चुका कशा दुरुस्त कराव्यात?

प्रश्न (जून २०२०)
पुण्यातील माझा बारा-पंधरा जणांचा योगवर्ग मार्चमधील टाळेबंदीपासून बंद असून, गेले दोन आठवडे मी तो झूमवर घेत आहे. विनामूल्य खात्यावरील सभा चाळीस मिनिटांनी संपते आणि नेमक्या शवासनात सगळे बाहेर फेकले जातात. पण त्याहून मोठी अडचण अशी की, त्रिकोणासनात कोणाचा गुडघा वळला असेल, तर तो हात लावून सरळ करता येत नाही. बहुतेक विद्यार्थी साठीच्या पुढचे आहेत.

उत्तर १
मोबाइल आडवा, कमरेच्या उंचीवर आणि चटईपासून आठ-दहा फुटांवर ठेवण्यास सांगावे, म्हणजे टाचेपासून डोक्यापर्यंत सारे दिसते. मुख्य म्हणजे, आपण सतत सोबत आसने करीत राहू नये. मी प्रारंभी तेच केले आणि कोण काय करीत आहे, याकडे माझे लक्षच राहिले नाही. आसन एकदा दाखवून पडद्यासमोर बसावे व नाव घेऊन सूचना द्यावी.

उत्तर २
या वयात शीर्षासन आणि सर्वांगासन पडद्यावरून शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रिकोणासन भिंतीला पाठ टेकून, हाताखाली खुर्ची घेऊन करवावे. भिंत बरेचसे काम करते. रक्तदाब, गुडघेदुखी यांची माहिती आधीच लेखी घ्यावी.

प्रश्नकर्ती
भिंतीचा उपाय आजच करून पाहिला. दोघींचे गुडघे खरोखरच सरळ राहिले. शवासनासाठी आता दुसरी सभा उघडते.