2005 ची होंडा अकॉर्ड: गिअरबॉक्सचं ऑइल बदलू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

या वेळी प्रश्न आपल्या मिशिगनच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाचा नाही, गाडीचा आहे. माझी आत्या मुलाकडे टेक्ससला कायमची राहायला गेली आणि जाताना तिची 2005 ची अकॉर्ड मला देऊन गेली. चार सिलिंडर, ऑटोमॅटिक, 1,46,000 मैल. इंजिन ठणठणीत आहे. पण सकाळी गार असताना दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना छोटा धक्का बसतो, दहा मिनिटांनी गाडी तापली की जाणवत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं होतं ते आत्याला आठवत नाही, कागदपत्रांतही नोंद नाही.

काल इंजिन ऑइल बदलायला गेले. तिथला मुलगा म्हणाला, मशीन लावून गिअरबॉक्स फ्लश करून देतो, म्हणजे जुनं ऑइल एकदम बाहेर ढकलून नवं भरतो, आमचं ऑइल सगळ्या गाड्यांना चालतं. घरी आले तर शेजारी म्हणतो, इतक्या मैलांनंतर हात लावलास तर गिअरबॉक्स बसेल. शिवाय गाडीच्या पुस्तकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) झेड-वन लिहिलंय आणि दुकानात डीडब्ल्यू-वन मिळतं. मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते, गाडी वाटेत बंद पडली तर माझी फार पंचाईत होईल. कोणी सांगाल का?

– नोव्हायहून

---

ताई,

शेजारी बरोबर सांगतोय. मी आमच्या जुन्या व्हॅनचं ऑइल 1,80,000 मैलांवर बदललं आणि महिन्याभरात गिअर घसरायला लागले. चालतंय तोवर चालू द्या.

– ट्रॉयहून

---

नोव्हायच्या ताईस,

शेजारी आणि मशीनवाला, दोघांचंही ऐकू नकोस. जरा सविस्तर लिहितो, कारण हिवाळा तोंडावर आला की हा प्रश्न कोणी ना कोणी मला फोन करून विचारतंच, आणि निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलंय.

इंजिनात ऑइलनं घर्षण कमी करायचं असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या ऑइलात बुडालेल्या असतात आणि तिथे त्यांनी एकमेकींना धरायचं असतं. एकदम धरलं तर धक्का, उशिरा धरलं तर घसरण, आणि घसरण म्हणजे चकत्या जळणं. ही पकड कशी बसावी हे ऑइलात मिसळलेली थोडीशी द्रव्यं ठरवतात. एके काळी त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि त्याच्या तोडीचं दुसरं काही शोधताना ऑइलवाल्यांच्या नाकी नऊ आले. त्यात तुझ्या होंडाची बांधणीच वेगळी: समांतर दांड्यांवर गिअर आणि प्रत्येक गिअरचा आपला क्लच. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं कोणी म्हटलं की मी ती बाटली खाली ठेवतो. झेड-वन होंडानेच 2011 च्या सुमारास बंद केलं आणि त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं. ते तुझ्या गाडीला बिनधास्त घाल. फक्त सीव्हीटी लिहिलेली बाटली उचलू नकोस, ते निराळ्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल.

ट्रॉयच्या भाऊंच्या व्हॅनचं वाईट वाटलं. पण मी जे पाहिलं त्यात बहुतेक लोक ऑइल बदलायला येतात तेच गाडी कुरकुरायला लागल्यावर. तोवर चकत्या झिजलेल्या असतात, त्यांचा भुगा ऑइलात तरंगत असतो. नवं ऑइल झिजलेली चकती परत आणत नाही, दोष मात्र त्याच्या माथी बसतो. तुझ्या गाडीत तसं आहे का ते बघ: ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागेच राहते, असं? नसेल तर बदलायला हरकत नाही. उलट न बदलणं महागात पडेल.

फ्लश मात्र नको. खालचा बोल्ट काढ, जेवढं निघेल तेवढं जाऊ दे आणि मोजून तेवढंच भर. एका वेळी साधारण अडीच लिटर निघतं, आत साडेसहाच्या आसपास असतं. आठवड्याआठवड्याच्या अंतरानं तीनदा केलंस की तीन चतुर्थांशाहून जास्त ऑइल नवं झालं, आणि गिअरबॉक्सला एकदम हिसकाही बसला नाही.

एक गोष्ट विसरू नकोस: भरायचा बोल्ट आधी उघडायचा. तो वरच्या बाजूला, ‘एटीएफ’ कोरलेला, 17 मिलिमीटरचा पाना लागतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठानं तो गंजून बसलेला असतो. खालचं ऑइल सोडून दिलं आणि वरचा हललाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. खालच्या बोल्टला मधोमध चौकोनी खाच आहे, तीन अष्टमांश इंचाचा रॅचेट सरळ त्यात बसतो. वायसर नवं घाल आणि 49 न्यूटन मीटरपर्यंतच आवळ. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मोठं काम निघेल. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर काजळासारखा मऊ कीस दिसला तर पुसून टाक, तो वयाचा. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे दिसले तर तिथेच थांब आणि मला फोन कर.

आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. शनिवारी मी मोकळा आहे. जॅक स्टँड, घमेलं आणि लांब नळीचं नरसाळं घेऊन येतो. तू तीन बाटल्या आणि वायसर आणून ठेव.

– लिव्होनियाचे काका

---

काका, फार उपयोगी. एक भर घालतो. पातळी बघताना इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर एकदा फिरवायचे आणि मग डिपस्टिक काढायची. माझ्या 2004 च्या कोरोलाला मी नेहमी असंच करतो.

– ॲन आर्बरहून

---

कोरोलासाठी अगदी बरोबर, होंडासाठी नाही. बरं झालं लिहिलंत, नाहीतर ताईनं तसंच केलं असतं.

होंडाची डिपस्टिक इंजिन बंद असताना वाचायला आखलेली आहे. सपाट जागी गाडी उभी करायची, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत तापवायची, बंद करायची आणि 60 ते 90 सेकंदांच्या आत बघायचं. इंजिन चालू असताना पंप ऑइल खेचून आत फिरवत असतो, त्यामुळे पातळी कमी दिसते. कमी दिसली म्हणून आपण आणखी ओततो. जास्त झालेलं ऑइल गिअर घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही. मग कमी ऑइलात घसरावी तशी गाडी भरलेल्या ऑइलात घसरते.

दोनदा बदलूनही धक्का राहिला तर तिसऱ्या क्लचचा प्रेशर स्विच (ऑइलचा दाब कळवणारा) बघू. तो बाहेरून बसतो, गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

– काका

---

काका आणि सगळ्यांना,

दोन वेळा झालं. काका म्हणाले तसंच निघालं: वरचा बोल्ट हलेना. गंज सोडवायचा फवारा मारून आम्ही चहा घेतला, मग पान्याच्या दांड्याला पाइप लावून काकांनी जोर दिला तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. खालचा तोवर तसाच होता. आधी तो काढला असता तर त्या रात्री मी ड्यूटीवर गेले नसते.

निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं, थोडा करपट वास. बाटलीतलं नवं अगदी कोकमाच्या आगळासारखं लाल. लोहचुंबकावर काजळाचा जाड थर होता, मी चिंधीनं पुसून बोटांत चोळून पाहिला, टोचलं काही नाही. दुधाच्या रिकाम्या कॅनवर खुणा करून मोजलं, अडीच लिटरला थोडं कमी निघालं होतं. तेवढंच आत घातलं, पंखा फिरल्यावर गाडी बंद करून डिपस्टिक पाहिली, दोन खुणांच्या मध्ये.

पहिल्या वेळेनंतर धक्का तसाच होता आणि मला जरा धास्ती वाटली. दुसऱ्यानंतर परवा पहाटे पाचला, बाहेर दहिवर गोठलेलं असताना, घरी आले. दुसऱ्यातून तिसऱ्यात गाडी कधी गेली ते कळलं नाही, म्हणून सिग्नलपासून पुन्हा लक्ष देऊन पाहिलं. अगदी किंचित जाणवतो.

तिसरी खेप येत्या रविवारी सकाळी दहाला, आमच्या ड्राइव्हवेत. कोणाला आपल्या गाडीचं करायचं असेल तर बघायला या. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवलंय, ऑटो पार्ट्सच्या दुकानात घेतात, तुमचं असेल तर तेही एकदमच नेऊन देते. काका, तुमचं नरसाळं धुऊन ठेवलंय.

– नोव्हायहून