पूर्ण आकाराचे हेडफोन : उघडे की बंद?

प्रश्न : माझ्या ऐकण्यात गायन आणि तंतुवाद्ये अधिक असतात. बजेट मध्यम असून ऐकणे मोबाइलवरच होते, तेव्हा कोणता प्रकार घ्यावा?

उत्तर १ : एकांतात ऐकणार असाल तर उघडेच घ्यावेत. त्यांत आवाज कपाच्या मागूनही मोकळा होत असल्यामुळे तारेची आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) कानाशी कोंडल्यासारखी वाटत नाही. मात्र शेजारी बसलेल्यालाही सारे ऐकू जाते. प्रवासासाठी बंदच बरे.

उत्तर २ : इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युतप्रवाहाला होणारा ओहममधला अवरोध, अवश्य पाहावा. सेनहायझर एचडी ६०० हे उघडे हेडफोन गायनासाठी उत्तम, पण ते ३०० ओहमचे असल्याने मोबाइलवर त्यांचा आवाज बहुधा अपुरा पडतो आणि अँप्लिफायरचा खर्च वाढतो.

उत्तर ३ : चष्मा असेल तर घालूनच पाहावेत. माझ्या पहिल्या हेडफोनची पकड इतकी घट्ट होती, की अर्ध्या तासात काड्या कानामागे रुतत.