चिनीमातीचा प्लग, सॉकेट की खोबण?

बाळीवेसकर: एका जुन्या माळवदी वाड्याच्या दुरुस्तीची यादी इंग्रजीतून मराठीत करायची आहे. मूळ सूचना अशी: भिंतीवरचं पोर्सिलेनचं दोन पिनांचं सॉकेट ठेवा, टेबल फॅनचा प्लग बदला. मी 'प्लग बदला' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडलं. वायरमन भिंतीवरचंच उपटेल म्हणे. खरंय, सोलापुरात 'प्लगात पिन घाल' असंच म्हणतात. भिंतीवर असतो तो प्लग, वायरीच्या टोकाला असते ती पिन. मग इंग्रजीतल्या प्लगला काय लिहू?

नवीपेठ: सॉकेटला खोबण, प्लगला गुडदी. दोन्ही घरचे शब्द. डोळ्याची खोबण चालते, तर विजेची का नाही?

मेगर: गुडदीने भोक बुजवतात, इथे जोड होतो. दुकानात 'टॉप' मिळतो, टू पिन टॉप, थ्री पिन टॉप. तेच लिहा, आणि अँपिअर लिहा. थ्री पिनमध्ये ५ अँपिअरच्या टॉपची फेजची (वीज आणणाऱ्या तारेची) पिन साधारण ५ मिलिमीटर जाड असते, १५ च्या टॉपची ७. हल्ली याच जोड्यांवर ६ आणि १६ छापतात. मुळात सूचनाच अपुरी आहे. दोन पिनांना अर्थिंग नाही, त्यामुळे लोखंडी अंगाच्या फॅनला नुसता टॉप बदलून भागत नाही. अर्थची तार ओढून तीन पिनांचं सॉकेट लागेल. जुनं शोभेला ठेवा, पण तारा सोडवून.

पूर्वभागकर: पोर्सिलेनला चिनीमातीच का? आमच्याकडे तेलुगूत पिंगाणी, अक्कलकोटकडे कन्नडमध्येही पिंगाणी. मूळ फारसी 'पिंगान', म्हणजे वाटी. सोलापूरच्या यादीत सोलापूरच्या कानावरचा शब्द हवा.

नवीपेठ: पिंगाणी म्हटलं की बशी डोळ्यांपुढे येते. आणि फारसी चालतं, मग खोबणीलाच का अडवता?

मेगर: नाव काहीही ठेवा, बिघडतं कुठे ते यादीत येऊ द्या. चिनीमाती जळत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. आतल्या पितळी पत्तीचा ताण जातो, पिन सैल बसते, ठिणगी पडते. त्या उष्णतेने तारेवरचं जुनं रबर कडक होऊन तडकतं. माळवद गळलं की सॉकेटमागची धूळ ओली होते आणि लाकडी बोर्डात करंट उतरतो. काढताना मेन बंद करा, तरी दोन्ही टर्मिनलांना टेस्टर लावून बघा. परत बसवताना स्क्रू हाताला लागेल इतकाच आवळा, खाली फायबरचा वायसर द्या. जोर लावला की केसाएवढा तडा जातो, तो दिसतही नाही. शेवटी सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारांवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, लावा. १ मेगोहमच्या खाली आलं तर वायरिंगच नवं करा.

बाळीवेसकर: यादीत कटआउट, किटकॅट, फ्यूज असे तीन शब्द आहेत. एकच ठेवू?

मेगर: अजिबात नको. भिंतीला राहतो तो बेस, हातात निघते ती ग्रिप, दोन्ही मिळून किटकॅट किंवा कटआउट. ग्रिपमध्ये असते ती फ्यूज वायर, ५ अँपिअरला कलई केलेल्या तांब्याची, ०.२ मिलिमीटर. वायरीतले तांब्याचे पदर पिळून घालतात, मग फ्यूज उडायच्या आधी भिंतीतली तार जळते. जुन्या घरात न्यूट्रललाही (वीज परत नेणाऱ्या तारेलाही) किटकॅट सापडतो. तो उडाला की दिवा विझतो, फेज मात्र जिवंत राहते. तो काढून तिथे सरळ लिंक, म्हणजे फ्यूज नसलेली जोडपट्टी, द्या.

नवीपेठ: फ्यूज वायरला 'वितळतार' लिहा. काम नावातच आहे.

पूर्वभागकर: वितळतार मान्य. पण लाइनमन खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरला चिमणी म्हणतात, ती कुठली?

नवीपेठ: पाखराची. चिमणं म्हणजे लहान, आणि बसते तारेपाशीच.

पूर्वभागकर: मला पटत नाही. सोलापुरात चिमणी म्हणजे आधी गिरणीची, नंतर कंदिलाची. कंदिलाच्या काचेचं हे नाव इंग्रजीतूनच आलं, आणि खांबावरची चिमणीही तशीच मधे फुगीर, वर निमुळती असते.

नवीपेठ: कंदिलाची काच आरपार पोकळ असते. ही वरून बंद. पाखरूच.