मदत हवी आहे : ऑटिझम असलेल्या मुलासाठी 80डीडी (दिव्यांग अवलंबितासाठीची आयकर वजावट) घ्यावी की नवी करप्रणालीच बरी?

पुण्याची_आई
मुलगा 6 वर्षांचा, ऑटिझम. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र 60 टक्क्यांचं पण तात्पुरतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलंय. घरात एकच पगार, वर्षाला 14 लाख. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. 80डीडीसाठी जुनी करप्रणाली निवडायची का? आणि दरमहा मिळणारी काही मदत आहे का?

हिशेबनीस
ताई, नुसत्या 80डीडीसाठी जुनीकडे जाऊ नका. दिव्यांगत्व 40 टक्क्यांपासून असेल तर 75 हजार आणि 80 टक्क्यांपासून सव्वा लाख वजावट मिळते. थेरपीवर 20 हजार गेले असले तरी पूर्ण 75 हजार धरता येतात. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत.

आता तुमचा आकडा बघा. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या प्रणालीत 14 लाखांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की कर उपकरासह 81,900. जुनीत तेवढाच कर यायला 50 हजारांच्या प्रमाणित वजावटीशिवाय आणखी सुमारे 5 लाख 20 हजारांच्या वजावटी लागतात. 80सी (पीएफ, विमा वगैरे बचत) दीड लाख, गृहकर्जाचं व्याज 2 लाख, मेडिक्लेम 25 हजार आणि 80डीडी 75 हजार, सगळं पूर्ण धरलं तरी साडेचार लाखच होतात. घरभाड्याची मोठी सूट असेल तरच जुनी परवडेल. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असता तर नवीत कर शून्यच होता.

जुनी घेतलीत तर ऑटिझमसाठी फॉर्म 10-आयए (ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र) लागतो, नुसतं यूडीआयडी पुरत नाही. लहान मुलासाठी तो बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा शल्यचिकित्सक देतात. प्रमाणपत्राची मुदत ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापर्यंत वजावट मिळते. पुढच्या वर्षासाठी नवं प्रमाणपत्र हवं. इथेच बरेच जण अडकतात.

सहकारी_पालक
संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजारांची आहे, त्यामुळे ती तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी खरी योजना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय'. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी वर्षाला 1 लाखापर्यंतचं आरोग्य विमा कवच. आधी वैद्यकीय तपासणी नाही. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला नोंदणीचे 500 रुपये आणि नूतनीकरणाचे 250. ट्रस्टकडे नोंदलेल्या जवळच्या संस्थेतून अर्ज करा. नियमित थेरपीही यात बसते, मात्र तिला पोटमर्यादा आहे.

पुण्याची_आई
थेरपी सेंटर महिन्याचं एकच बिल देतं. निरामयच्या दाव्याला ते चालेल का?

सहकारी_पालक
तसंच पाठवू नका. बिलावर मुलाचं नाव, प्रत्येक सत्राची तारीख, दर सत्राचा दर, थेरपिस्टची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. स्पीच थेरपिस्टचा क्रमांक भारतीय पुनर्वास परिषदेचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा आपल्या राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'स्पीच थेरपी, आठवड्यातून 2 वेळा' असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि चिठ्ठीची तारीख पहिल्या सत्राच्या आधीची असावी. मूळ बिलं द्यावी लागतात, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. जानेवारीत नोंदणी केली तरी कवच 31 मार्चलाच संपतं, तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला नोंदणी केलीत तर पूर्ण वर्ष मिळेल.